अंजिराच्या ओळीत मावेल तो ट्रॅक्टर

नमस्कार. सासवडजवळ आमची चार एकर शेती आहे. दीड एकर अंजीर, एक एकर सीताफळ आणि उरलेल्या दीड एकरात पावसाळ्यात वाटाणा, मागून कांदा नाहीतर ज्वारी. थोडी जमीन काळी, बाकी मुरमाड, आणि अंजिराचा एक तुकडा उताराचा. यजमान जेजुरीच्या एमआयडीसीत पाळीवर जातात. शेती मी आणि सासरे बघतो. बैल विकल्यापासून सगळं भाड्याच्या ट्रॅक्टरवर चाललंय. नांगरट, रोटर (माती भुसभुशीत करणारं फिरत्या पात्यांचं अवजार), फवारणीवाला, खत-माल वाहणं धरून गेल्या वर्षी सत्तर हजार गेले. एवढे देऊनही वाटाण्याच्या वेळेला ट्रॅक्टरवाला आठ दिवस फिरकला नाही. आता स्वतःचा घ्यायचं ठरवलंय. सासरे म्हणतात, घ्यायचा तर पंचेचाळीस एचपीचा घ्या, ऊस वाहतुकीलाही लावता येईल. दीर हडपसरला असतात, ते म्हणतात मिनी बास आहे. शेजारचे एक जण त्यांचा जुना फोर्सचा ऑर्चर्ड मिनी स्वस्तात देतायत. तीन लाख हातात आहेत, बाकी कर्ज काढावं लागेल. ट्रॅक्टर मीच चालवणार आहे, शिकायची तयारी आहे. सातबारा सासूबाईंच्या नावावर आहे. कोणता घेऊ?
– एक शेतकरी, पुरंदर तालुका

ताई, नमस्कार.

शोरूमला जायच्या आधी एक काम करा. घरात मोजपट्टी असेल ती घ्या आणि अंजिराच्या बागेत जा. दोन ओळींतलं अंतर बुंध्यापासून बुंध्यापर्यंत मोजू नका, ते तुम्हाला पाठच असेल, पंधरा फूट किंवा त्याच्या आसपास. फांद्यांच्या टोकापासून समोरच्या फांद्यांच्या टोकापर्यंत मोजा. छाटणीनंतर नव्हे, बाग पानावर आणि फळावर असताना. झाड दोन्हीकडून पाच-पाच फूट पसरलेलं असेल तर मध्ये मोकळी वाट उरते पाच फुटांची. मग खाली वाका आणि सर्वांत खालची फांदी जमिनीपासून किती उंच आहे ते बघा. सीताफळात तर फांद्या आणखी खाली लोळतात. हे दोन आकडे कागदावर लिहून घेतलेत की सासरे आणि दीर यांच्यातला निम्मा वाद तिथेच मिटेल, कारण पंचेचाळीस एचपीचा साधा ट्रॅक्टर चाकासकट साडेपाच-सहा फूट रुंद असतो. तो तुमच्या बागेत शिरेल, पण दोन्ही बाजूंची फळं झोडपत शिरेल. अंजिराची फांदी किती ठिसूळ असते आणि मोडली की कसा चीक गळतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

सासऱ्यांचं म्हणणं अगदी चूक आहे असं नाही. त्यांनी बैलांच्या काळात मुरमाड जमीन उलथताना काय ताकद लागते ते पाहिलंय. दोन फाळांचा पलटी नांगर मुरमातून खोल ओढायला चाळीस-पंचेचाळीस एचपी लागतोच, तिथे मिनीचं काम नाही. पण तुमच्याकडे नांगरट आहे किती? दीड एकर, वर्षातून एकदा. कांद्याच्या रानात एखादं वर्ष नुसत्या कल्टिव्हेटरवरही निभावतं. म्हणजे वर्षातल्या दोन-तीन तासांच्या कामासाठी दुप्पट वजनाची, दुप्पट डिझेल पिणारी गाडी दारात उभी करायची आणि अडीच एकर बागेला ती निरुपयोगी. नांगरट भाड्यानेच करा. ते काम उन्हाळ्यात असतं, चार दिवस पुढे-मागे झालं तरी बिघडत नाही, आणि तेव्हा मोठे ट्रॅक्टर गावात मोकळेही असतात.

ऊस वाहतुकीचा विचार मात्र डोक्यातून काढून टाका. तो वेगळा धंदा आहे. त्याला पन्नासच्या पुढचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, रात्री-अपरात्री चालवणारा ड्रायव्हर आणि ऊसतोड टोळीला द्यायची उचल लागते. यजमान पाळीवर आणि तुम्ही बागेत असताना तो कोण सांभाळणार? तुमचा माल अंजीर आणि सीताफळ. तो पाट्या-क्रेटमधून पिकअपने सासवडला किंवा गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जातो. पिकलेलं अंजीर ट्रॉलीत घालून दिवे घाट कोणी उतरत नाही.

तुमच्या पत्रातलं खरं दुखणं एका ओळीत आलंय: वाटाण्याच्या वेळेला ट्रॅक्टरवाला आठ दिवस आला नाही. ट्रॅक्टर घ्यायचं हेच एक पटणारं कारण आहे. पहिला चांगला पाऊस पडून गेल्यावर रानाला वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, येतो तो सगळ्या गावाला एकाच वेळी येतो. तुमच्या मुरमाड तुकड्यात तो दोन-तीन दिवसांत निघूनही जातो. भाड्याचा ट्रॅक्टरवाला आधी मोठ्या रानांकडे जाणार, त्याचं पोट त्यावर आहे. तुमच्या दीड एकरासाठी तो वाट वाकडी करत नाही. फवारणीचंही तसंच. तांबेऱ्याची सुरुवात दिसली, आभाळ भरून आलंय आणि फवारणीवाला परवा येतो म्हणाला, तर त्या परवाला अर्थ नसतो. तेव्हा वेळ पाळावी लागते ती कामं स्वतःच्या ट्रॅक्टरने आणि ताकद लागते ती भाड्याने, अशी वाटणी करा. ट्रॅक्टर वाफशासाठी, बागेतल्या रोटरसाठी आणि फवारणीसाठी निवडायचा.

असं ठरलं की ट्रॅक्टरच्या आधी अवजारं ठरतात. शोरूममध्ये उलटं होतं, आधी बॉनेटचा रंग पसंत पडतो आणि मग त्याला कोणता रोटर बसेल ते शोधलं जातं.

तुमच्या पाच फुटी वाटेला साडेतीन फुटी रोटर योग्य. चार फुटी घेतला तर दोन्हीकडे सहा-सहा इंच उरतात, आणि नव्या हाताला तेवढ्यात सरळ जाणं जमत नाही. रोटर निवडताना एक गोष्ट विक्रेता सांगत नाही ती बघा. मागच्या दोन चाकांच्या बाहेरच्या कडा मोजा. रोटर त्यापेक्षा अरुंद असेल तर चाकाने दाबलेला पट्टा तसाच राहतो आणि त्यात गवत आधी उगवतं. एकतर रोटर तेवढा रुंद हवा, नाहीतर एका बाजूला सरकवून बसवता येणारा हवा. सरकवता येणारा असला तर झाडाच्या पसाऱ्याखाली थोडं आतपर्यंतही जाता येतं. बुंध्याजवळ मात्र नेऊ नका, वरची मुळं तुटतात.

आणि रोटर हातात आला म्हणून दर पंधरवड्याला फिरवत सुटू नका. पाती दर वेळी त्याच चार-पाच इंचांवर फिरतात, त्याखालचा थर चोपून घट्ट होतो आणि पाणी मुरायचं थांबतं. काळ्या तुकड्यात हे लवकर दिसेल. एक-दोन पाळ्यांनंतर एकदा पाच फणांचा कल्टिव्हेटर घाला, गवत फार नसेल तर नुसतं कापून तिथेच आच्छादन म्हणून सोडा.

फवारणीला दोन पर्याय आहेत. ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टवर, चालणारा एचटीपी (जास्त दाबाचा) पंप, टाकी आणि लांब नळी. किंवा मागे टांगायचा, पंख्याने फवारा उडवणारा छोटा ब्लोअर. ब्लोअरने काम झटपट होतं, पण पैसे बरेच जास्त लागतात आणि वजनही मोठं. दोनशे लिटरची टाकी म्हणजे नुसत्या पाण्याचंच दोनशे किलो, वर लोखंड आणि पंखा वेगळा. हे सगळं मागच्या चाकाच्याही मागे लटकतं. तुमच्या उताराच्या तुकड्यात चढाकडे तोंड असताना हलक्या ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलायला लागतात. मी म्हणेन, पहिली दोन वर्षं पंप आणि नळीवर काढा. एक माणूस जास्त लागेल, पण कर्ज आवाक्यात राहील. ब्लोअर नंतर घेतलात तर पुढे वजनं लावून घ्या आणि टाकी पूर्ण न भरता उतारावर जा.

आता ताकद. मिनीमध्ये ठळक दोन गट पडतात. पंधरा एचपीच्या आसपासचे, महिंद्रा युवराज २१५ किंवा स्वराज ७१७ सारखे, एका सिलिंडरचे. किमतीला हलके, डिझेलला हलके, मापानेही आटोपशीर. सपाट, भुसभुशीत रानात, कोळपणी-फवारणीला ते चांगलं काम देतात. दुसरा गट अठरा ते चोवीस एचपीचा, त्यात व्हीएसटी शक्तीचे छोटे ट्रॅक्टर, कुबोटाचा निओस्टार, महिंद्राचे जिवो आणि ओजा हे येतात. यातल्या बहुतेकांत फोर व्हील ड्राइव्ह मिळतो.

तुम्ही दुसऱ्या गटातला, वीस-बावीस एचपीच्या आसपासचा आणि फोर व्हील ड्राइव्हचा घ्या. एरवी मी पुरंदरच्या कोरड्या बागांना फोर व्हीलचा आग्रह धरत नाही. भाताच्या चिखलात, मावळ-मुळशी-भोरकडे, त्याची खरी किंमत कळते. मुरमात साधा टू व्हीलही चालून जातो, वळायला सोपा असतो आणि पुढचे टायर लवकर झिजत नाहीत. पण तुमच्याकडे उताराचा तुकडा आहे, ट्रॅक्टर हलका असणार आहे आणि चालवणाऱ्याचा हात नवा आहे. चढावर रोटर लागलेला असताना मागची चाकं जागेवर फिरायला लागली की नवा माणूस एक्सलेटर वाढवतो आणि ट्रॅक्टर तिरका सरकतो. चारही चाकं ओढत असली तर ही वेळ कमी येते. रान कोरडं असेल, सपाट असेल तेव्हा पुढचा ड्राइव्ह काढून ठेवायचा. रस्त्यावर तर काढूनच ठेवायचा.

पत्रकावरचा एचपी हा इंजिनचा असतो. रोटर चालतो तो पीटीओच्या एचपीवर, आणि तो त्याहून कमी भरतो. म्हणून विक्रेत्याकडे पीटीओचा आकडा आणि अवजार उचलणाऱ्या लिफ्टची उचल क्षमता वेगळी विचारा. मध्य प्रदेशात बुदनी इथे केंद्र सरकारची शेती यंत्रांचं प्रशिक्षण आणि चाचणी करणारी संस्था आहे. तिथल्या चाचणी अहवालात हे आकडे मोजून दिलेले असतात. 'या मॉडेलचा बुदनीचा रिपोर्ट दाखवा' एवढं म्हणालात तरी समोरच्याचं बोलणं जरा जपून व्हायला लागतं.

कंपनी कोणती हे मी तुमच्या वतीने ठरवणार नाही. सासवडमध्ये कोणाचा मेकॅनिक मोटारसायकलवर बसून तासाभरात तुमच्या बांधावर येतो, कोणाचा फिल्टर आणि क्लचप्लेट शेल्फवर असते, हे गावातल्या ट्रॅक्टरवाल्यांकडून काढा. सर्व्हिस सेंटर हडपसरच्या पलीकडे असेल तर ट्रॅक्टर कितीही चांगला असो, सोडा. डिसेंबरात मोशीला किसान प्रदर्शन भरतं, तिथे बहुतेक मिनी एका जागी बघायला मिळतात. बसून बघायला, तुलना करायला ते उत्तम. सौदा मात्र तिथे करू नका, गर्दीत आणि 'आजच्या दिवसापुरती' किमतीत माणूस विचारायचं विसरतो.

मग पैसे. हा भाग मी जरा सविस्तर मांडतो, कारण सगळे पत्रलेखक इथेच घाई करतात.

वीस-बावीस एचपीचा फोर व्हील मिनी पाच लाखांच्या आसपास धरू. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाचवर आलाय, त्यामुळे त्याआधीची कोणाची पावती प्रमाण मानू नका, नवं कोटेशन लेखी घ्या. रोटर, कल्टिव्हेटर, पंप-टाकी मिळून दीड लाख. एकूण साडेसहा. तुमचे तीन वजा जाता कर्ज साडेतीन लाखांचं. व्याज समजा अकरा टक्के, मुदत पाच वर्षं, हप्ता सहामाही. एक हप्ता साधारण साडेसेहेचाळीस हजारांचा पडतो, म्हणजे वर्षाला त्र्याण्णव हजार.

तुमच्या चार एकराचं काम मी मोजून बघितलं. साडेतीन फुटी रोटर बागेत वळणं धरून एकराला दोन-सव्वादोन तास घेतो. वर्षात पाच पाळ्या, पंधराएक फवारण्या, वाटाणा-कांद्याच्या रानाची मशागत आणि खत-माल वाहणं धरून शंभर तासांच्या आत बसतं. तासाला सव्वादोन लिटर डिझेल, नव्वद रुपयांच्या भावाने वर्षाचे वीस हजार. ऑईल, फिल्टर, विमा, बारीकसारीक दुरुस्ती चौदा हजार. भाड्याची नांगरट पाच हजार. बेरीज एक लाख बत्तीस हजार. आज तुम्ही देताय सत्तर हजार.

म्हणजे पहिली पाच वर्षं दर वर्षाला बासष्ट हजारांची तूट. ही कुठून भरणार? वाफसा साधला आणि वाटाण्याची तोडणी चढ्या भावात सापडली तर काही भरेल, पण बाजारभाव हिशेबात धरू नका. उरला शेजाऱ्यांच्या बागेतला रोटर. तुमच्याकडे मिनीला तासाला सातशेच्या आसपास मिळत असतील तर डिझेल आणि झीज जाता चारशे हातात राहतात. बासष्ट हजारांसाठी बाहेरचे दीडशेहून जास्त तास करावे लागतील. स्वतःच्या कामापेक्षा दीडपट. चालवणार तुम्ही, बागही तुमचीच, घरही तुमच्याकडे. हे जमेल का, याचं उत्तर प्रामाणिकपणे तुम्हीच द्या.

अनुदान मिळालं तर चित्र बरंच बदलतं. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना आणि महिलांना किमतीच्या पन्नास टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, पण रकमेला वरची मर्यादा असते. ट्रॅक्टरसाठी ती राज्यात सव्वा लाखाची चालत आली आहे. यंदाचा आकडा तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या. सातबारा सासूबाईंच्या नावावर आहे ना? मग अर्ज त्यांच्याच नावाने. चार एकर म्हणजे दोन हेक्टरच्या आत, त्यामुळे अल्पभूधारक म्हणूनही बसतात आणि महिला म्हणूनही. शेतकरी ओळख क्रमांक त्यांच्या नावाचा काढलेला हवा, आधार बँक खात्याशी जोडलेला हवा, आणि ट्रॅक्टरही त्यांच्याच नावावर नोंदवावा लागेल. हे घरात आधी बोलून घ्या. कर्ज कोणाच्या नावाने, बोजा कोणाच्या सातबाऱ्यावर, हे सगळं त्याला जोडून येतं, आणि दिरांचाही त्या जमिनीत उद्या वाटा असणार आहे.

सव्वा लाख आले आणि ते लगेच कर्जात भरून हप्ता कमी करून घेतला, तर वर्षाचा हप्ता साठ हजारांवर येतो. तूट उरते तीस हजारांच्या आत. बाहेरचे सत्तर-पंच्याहत्तर तास. हंगामात चार-पाच ओळखीच्या बागा धरल्या तर हे होण्यासारखं आहे. पाच वर्षांनी हप्ता संपला की वर्षाचा खर्च आजच्या सत्तर हजारांच्या बराच खाली येईल. त्यामुळे माझं मत असं: अनुदान मंजूर झालं तर ट्रॅक्टर घ्या. नाही झालं तर यंदा थांबा. त्या मधल्या काळात लाखाच्या आतबाहेर मिळणारा सात-नऊ एचपीचा पॉवर वीडर आणि स्वतंत्र इंजिनचा एचटीपी पंप घेऊन बागेतलं गवत आणि फवारणी स्वतःच्या हातात आणता येईल. वीडरमागे चालून हात भरून येतात, अडीच एकर म्हणजे दोन-तीन दिवसांचं काम होतं, पण कर्ज नसतं.

शेजारच्या जुन्या ऑर्चर्ड मिनीबद्दल. गाडी बागेच्या मापाचीच आहे आणि आपल्या आकुर्डीच्या कंपनीची, म्हणून पुणे जिल्ह्यात अशा बऱ्याच दिसतात. पण फोर्स मोटर्सने मार्च २०२४ अखेर ट्रॅक्टरचा धंदा बंद केला. गाडी वाईट ठरत नाही त्याने, पण आज सुटा भाग मिळतोय का आणि आणखी सहा वर्षांनी मिळेल का, हे दोन वेगळे प्रश्न झाले. किंमत ठरवण्याआधी गावातल्या मेकॅनिकला क्लच, हायड्रॉलिक पंप आणि गिअर यांच्या भागांबद्दल विचारा. तो 'बघू, मिळेल कुठूनतरी' म्हणाला तर समजून जा.

तरी बघायला जायचंच असेल तर न सांगता, सकाळी लवकर जा. बॉनेटवर हात ठेवा. ते कोमट लागलं तर मालकाने आधीच चालू करून ठेवलाय, दुसऱ्या दिवशी परत जा. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला उठतं का, पांढरा-निळा धूर किती वेळ राहतो, ते बघा. गरम झाल्यावर इंजिन ऑईल भरायचं झाकण काढा. तिथून वाफेसारखा धूर ठोक्याठोक्याने बाहेर येत असेल तर रिंग-पिस्टनचं काम जवळ आलंय. मग रोटर लावून लिफ्ट पूर्ण वर घ्या, इंजिन बंद करा आणि चहा घ्या. चहा संपेपर्यंत रोटर जमिनीला टेकला असेल तर हायड्रॉलिक गळतंय. शेवटी आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघा आणि आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचं पत्र हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका, शेजारी असले तरी. शिवाय जुन्या गाडीला अनुदान नाही, हे विसरू नका.

तुम्ही चालवणार आहात ही मला या पत्रातली सर्वांत आवडलेली गोष्ट. ट्रॅक्टर दाखवायला विक्रेता येईल तेव्हा तो यजमानांशी बोलायला लागेल, सीटवरही त्यांनाच बसवेल. तुम्ही बसा. पाठ टेकलेली असताना क्लच तळापर्यंत जातो का? जात नसेल तर दिवसभरात कंबर जाईल. सीट पुढे सरकते का ते बघा. लिफ्टचा दांडा आणि पीटीओचा दांडा मान न वळवता हाताला लागतात का? पॉवर स्टेअरिंग असलेलाच घ्या, ओळीच्या टोकाला दर दोन मिनिटांनी वळायचं असतं. धुराडं उभं असेल तर खालच्या फांदीला अडकेल, खालून काढलेलं किंवा आडवं मागा. पाठीमागचा सुरक्षेचा दांडा दुमडता येणारा असेल तर बागेत दुमडा, पण उतारावर आणि बांधाजवळ तो उभाच हवा.

डेमो तुमच्या बागेतच मागा, शोरूमच्या पटांगणात नाही. उताराच्या तुकड्यात, रोटर जमिनीत असताना, शेवटच्या झाडाशी वळवायला सांगा. मग तुम्ही वळवा.

पीटीओ मिनिटाला पाचशे चाळीस फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदर, ओढणी किंवा सैल बाही त्यात गेली तर हात काढायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर पहिल्या आठवड्यात तुटतं आणि कोणी परत बसवत नाही, तुम्ही बसवा. ट्रॅक्टरवर सलवार-कुर्ता किंवा पँट-शर्ट घाला. कोणी काय म्हणेल ते म्हणू दे. रोटरमध्ये गवत गुंतलं तर आधी इंजिन बंद, किल्ली खिशात, मग खाली उतरायचं. रस्त्याला लागताना दोन्ही ब्रेकची पट्टी जोडायला विसरू नका, सुटे ब्रेक शेतातल्या वळणासाठी असतात. भरलेली ट्रॉली उतारावर न्यायची वेळ आलीच तर वरूनच खालचा गिअर टाका आणि अध्येमध्ये क्लच दाबू नका. शिकताना पहिले काही दिवस मोकळ्या रानात रोटर न लावता फिरा, मग रोटर वर उचलून बागेत, मग जमिनीत. लायसन्स काढून घ्या, विम्याचा दावा त्यावर अडतो.

आता क्रम. आधी सासूबाईंच्या नावाने महाडीबीटीवर अर्ज, त्यात ट्रॅक्टर आणि रोटर दोन्ही टाका. एका वर्षात दोन्ही मंजूर होतीलच असं नाही. निवड झाल्याचा मेसेज आला की कोटेशन आणि त्या मॉडेलचा चाचणी अहवाल जोडायचा, मग पूर्वसंमतीचं पत्र येतं. खरेदी त्यानंतरच. त्याआधीच्या तारखेचं बिल असेल तर अनुदान जातं, आणि दसऱ्याच्या मुहूर्ताला घाई करणाऱ्यांचं ते जातंच. अनुदान खरेदीनंतर, बिल अपलोड होऊन तपासणी झाल्यावर खात्यावर येतं, त्यामुळे सुरुवातीला पूर्ण रक्कम उभी करावी लागेल. तेव्हा कर्जाची फाईल पूर्वसंमतीची वाट बघत असतानाच बँकेत तयार ठेवा, आणि मुदतीआधी रक्कम भरली तर दंड लागतो का, हप्ता कमी करून मिळतो का, हे लेखी विचारा. शोरूमवाला म्हणेल, 'ताई, टोकन देऊन ठेवा, बिल नंतरच्या तारखेचं करू.' टोकन देऊ नका.